पायरीखालचा पाट

वहीत पहिली ओळ: एका दिवसात एकच गाव.
दुसरं मागेल त्याला म्हणायचं, पुढच्या गुरुवारी.

नऊ माणसं, सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे,
बोबड्यांच्या मन्याची क्रूझर,
पायरीखाली ठेवायला एक लाकडी पाट,
माझ्याच लग्नातला, एका कोपऱ्यावर अजून हळद.
साडेनऊला निघायचं. सहाला नाही.
सहाला एसटी निघते, ती मी काढली एकतीस वर्षं
दारव्हा डेपोतून, खांद्याला पैशांची पिशवी लावून.

काल एकटाच जाऊन सगळं पाहून आलो.
पिंपळखुट्याचं देऊळ: पायऱ्या बावीस, कठडा डाव्या हाताला.
सावली अकरापर्यंत ओट्यावर, मग चिंचेखाली सरकते.
शाळेमागं संडास. कडी आतून लागते
(लावून पाहिली).
किल्ली खिचडीवाल्या बाईंकडे.
रोडगे एक वाजता, गोवऱ्या इंगोल्यांच्या वावरातून.
झिबलाजींना साखर. वेणूताईंची भाजी कमी तिखटाची;
त्या ऐकणार नाहीत, पण लिहून असावं.
जेवणानंतर दीड तास कोरा.
मन्या म्हणाला, "काका, इथं काई टाका नं."
मी तिथं रेघ ओढली
आणि रेघेवर लिहिलं: काही नाही.

गुरुवारी तूर फुलावर होती,
धुऱ्याधुऱ्यानं पिवळी.
गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही असं ठरलेलं,
मन्याचा पाय मात्र पंचविशीतला.
बोरगव्हाण फाट्याच्या जरा आधी
मनकर्णाबाई ढोक बोलल्या, सकाळपासून पहिल्यांदाच:
"कंडक्टर, इथं थांबवा."

यादीत नव्हतं.
फाट्यावर असतं काय? एक हापशी, बंद पानटपरी,
पत्र्याचा निवारा, त्यावर खताची अर्धी जाहिरात.
मी पत्र्यावर एकदाच थाप मारली.
एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.
मन्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी थांबला.

पाट ठेवला. उतरल्या. पदर खोचला.
"तुमाले आठोत नसन.
मी पाणी प्याले उतरली होती. पोरगं आत, सीटवर.
तुमी डबल घंटी देल्ली."

नव्हतं आठवत.
दोरी आठवली. तिनं तळहाताला पाडलेला घट्टा
अंगठ्यानं चाचपला, आहे अजून.

"मंग?" वेणूताई.
"मंग काय, धावली. लोकायनं ओरडून थांबोली
तिकडे, नाल्याच्या पुढं.
पोरगं हासत होतं.
पाणी राह्यलं."

त्यांनी हापशीचा दांडा धरला. कोरडा खडखडाट.
झिबलाजींनी हात लावला, मग मी,
आधी गंजाचं आलं, मग गढूळ, मग नितळ.
ओंजळीनं प्यायल्या, सावकाश,
आम्ही आठ जण उभे, जसं काही प्रसाद मिळायचा आहे.
तोंड पुसून म्हणाल्या,
"खारं हाये."

हसता हसता वेणूताईंना ठसका लागला,
त्यांनाही तेच पाणी दिलं.

मग कुणी गाडीत चढेना.
सतरंजी निवाऱ्यात पडली, डबे उघडले, कुणी चप्पल उशाला घेतली.
एक बकऱ्यावाला थांबला. "गाडी बिघडली का?"
"नाही."
"मंग काऊन बसले?"
"पाणी पिऊन राह्यलो," यादोराव म्हणाले.
"हे? हे तं माह्या बकऱ्याही पीत नाहीत."
तरी तोही बसला, तंबाखू मळत.

देऊळ त्या दिवशी झालंच नाही.
रोडगे चारला भाजले, वरून कोळसा, आतून कच्चे दोन.
खिचडीवाल्या बाईंना फोन केला,
त्या म्हणाल्या, किल्ली कुठं जाते, या पुढच्या गुरुवारी.

परतीला मी पुढच्या सीटवर नाही बसलो.
मागं, दाराशी, पाट मांडीवर घेऊन.

रात्री वहीत: डिझेल अकराशे, वांगी, डाळ, तूप.
शिल्लक चाळीस.
पाठ असलेल्या खुर्च्या दोन जास्त घ्याव्यात.
बोरगव्हाण फाटा: अडीच तास. सावली चांगली.
पाणी घरून न्यावं.