बाकी

फॉर्मवर विचारतात: वय, गाव, गाडीचं वर्ष,
इंजिन किती सीसी, याआधी दावा केला होता का.
विचारत नाहीत,
पळासनेरच्या उतारावर डोळा लागतो का तुमचा,
घरून भांडून निघालात की पाय कुठल्या पेडलवर जड होतो.
तेवढी जागाच नाही कागदावर.

एकवीस वर्षं मी जळगावच्या शाखेतून
लोकांच्या गाड्यांचे पोचे मोजत हिंडलो.
एरंडोलजवळ झाडाला धडकलेला पोरगा म्हणाला,
“मन्ही काय चूक भाऊ, निंबच आडवा उना.”
मी लिहिलं: बंपर, डावा दिवा, रेडिएटर.
निंबाचा जबाब घ्यायची सोय नव्हती.

मे महिन्यात मुख्य कार्यालयातून श्रुतिका फेगडे आली,
मूळची फैजपूरची, आकड्यांत शिकलेली.
कूलरसमोर लॅपटॉप धरून म्हणाली,
“काका, लोक ताकाला येतात का भांडं लपवून,
ते बघायचंय.”

रीत साधी होती तिची.
सारख्या वयाचे, सारख्या गाडीचे, एका तालुक्याचे एकत्र बसवायचे.
मग दोन रकाने:
कुणी विमा जास्तीचा घेतला,
कुणी गाडी जास्त ठोकली.
फॉर्मला जे जे ठाऊक, ते दोन्हींतून वजा करायचं
आणि उरलेली बाकी बघायची,
एकमेकींचा हात धरून चालतात का दोघी.
चालल्या, तर गिऱ्हाईकाला काही माहीत आहे
जे आपल्याला नाही.
“आधीच माहीत होतं,
की विमा मिळाल्यावर पाय सैल सुटला?”
“ते एवढ्यावरून नाही कळत,” ती म्हणाली,
आणि बाटलीतलं कोमट पाणी प्यायली.

चार दिवसांनी उत्तर आलं.
शून्य. शून्याच्या अगदी शेजारी, म्हणजे शून्यच.
वारके साहेबांनी पेढे मागवले,
“बघा, आपला माणूस सरळ आहे!”
श्रुतिका म्हणाली, “मला काही दिसलं नाही,
एवढंच लिहीन मी.”

मला मात्र त्या शून्यात दोन माणसं बसलेली दिसली.

एक सावद्याच्या भारंबे बाई, निवृत्त शिक्षिका.
रिकाम्या वळणावर हॉर्न देतात,
तीसच्या वर काटा गेला की देवाचं नाव घेतात.
विमा सगळा घेतलाय, काचेचा, टायरचा, किल्ली हरवण्याचासुद्धा.
नऊ वर्षांत ओरखडा नाही.

दुसरा दिगंबर झोपे, रावेरचा, आडनावाला जागणारा.
पहाटे स्टेअरिंगवर मान टाकतो.
विमा कायद्यापुरता, थर्ड पार्टी,
“आपल्याला काय होतं!”
तीनदा खड्ड्यात गेला, तीनदा ओळखीच्या गॅरेजात
रोखीनं पत्रा ठोकून घेतला.
दावा नाही,
म्हणजे आमच्या वहीत अपघात झालाच नाही.

बाईंना ठाऊक आहे त्या किती भितात.
दिगंबरला ठाऊक नाही तो किती भीत नाही.
एक बाकी वर ओढते, दुसरी खाली,
आणि साहेब पेढा खातात.

हे मी श्रुतिकाला सांगणार होतो.
पण मग तिनं विचारलं असतं, “आणि तुम्ही, काका?”

गेल्या दिवाळीपासून उजव्या डोळ्यात
समोरून येणारा दिवा पिंजलेल्या कापसासारखा फुटतो.
नूतनीकरणाचा कागद मीच भरला, माझ्याच टेबलावर.
दृष्टीचा दोष? त्यापुढे चौकोन होता.
नाही.
पेनानं जरा दाबूनच केली खूण.

आठ वाजता ऑफिस बंद झालं.
बायकोचा फोन: निघालात का? बाकी काय?
बाकी काही नाही, म्हणालो.
भुसावळच्या रस्त्यावर केळीचे ट्रक सुरू झाले असतील एव्हाना,
एकामागे एक, प्रखर दिवे लावून.
मी आरसा पुसला.
आरशाचा काही दोष नव्हता.