चौसष्टावी ओळ

संगणक सुरू केला की आधी ती पिवळी पट्टी.
सुरक्षा इशारा : मॅक्रो बंद केले आहेत.
शेजारी बटण, सामग्री सक्षम करा.
म्हणजे, बाई, पुढचं तुझ्या जिवावर.

बोरीटोला मच्छीमार सहकारी संस्था :
एक खोली, दोन खुर्च्या,
दाराला टांगलेला तराजू,
आणि कीबोर्डला कायमचा
कतल्याचा वास.

फाइल केजाजी दिघोऱ्यांची.
भंडाऱ्याहून एक जाडं पुस्तक आणून
रात्री लाइन असेल तेवढा वेळ ते मॅक्रो शिकले.
एक निळं बटण केलं : वाटे काढा.
दाबलं की त्रेसष्ट सभासदांचे पैसे
आपापल्या रकान्यात टपाटपा.
मग एका माघात ते मुलाकडे दुर्गला गेले
आणि तिथूनच गेले.
मागे राहिला पेन ड्राइव्ह,
काळ्या करदोड्यात ओवलेला.

तालुक्याच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले,
अनोळखी फाइलचे मॅक्रो चालू करायचे नाहीत.
कुठल्याशा पतसंस्थेत बिल म्हणून फाइल आली,
बिलच नव्हतं ते.
मी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.
चहाच्या वेळी विचारलं, "ओळखीची असेल तर?"
"आत काय आहे ते वाचलंय?"

दीड वर्ष बटण दाबत होते मी.

त्या संध्याकाळी दाबलं नाही.
ऑल्ट आणि एफ अकरा.
पडद्यामागची खोली उघडली,
आत इंग्रजी अक्षरांत झाडीची बोली :
इथं वजन. इथं भाव.
इथं श्रीपतची उचल कापाची हाय, इसरू नोको.
मला हसू आलं.
मग एक ओळ, जिच्याजवळ टीप नव्हती.

प्रत्येक वाट्यातले रुपयाखालचे पैसे
गुपचूप उचलून
चौसष्टाव्या ओळीत.

सभासद त्रेसष्ट.
चौसष्टावी ओळ लपवलेली.

साहेबांनी नेमकं हेच सांगितलं होतं :
शहाणा चोर घास घेत नाही, कणी वेचतो.
कानशिलं तापली माझी. केजाजी? आमचे केजाजी?
ओळ उघडली. नाव होतं
फुलवंता वलथरे.

फुलवंता सभासद नाही.
तलावाच्या पारीवर बसून ती फाटकी जाळी शिवते,
त्रेसष्टांचीही.
तिला सभासद करायचा ठराव दोनदा आला,
दोनदा हात मांडीवरच राहिले.
आठवड्याचे कधी एकतीस रुपये, कधी सत्तावीस.

आणि मला बिस्किटाचा डबा आठवला.
दर शनिवारी वाटप झालं की गल्ल्यात
तीसेक रुपये जास्त निघायचे.
माझाच हिशेब चुकतो, म्हणून घाबरून
डब्यात टाकत गेले, कुणाला बोलले नाही.
फाइल म्हणते दोन हजार दोनशे चौदा.
डब्यात निघाले दोन हजार दोनशे चार.
दहाची भजी मीच खाल्ली असणार.
भरून टाकले.

फुलवंतानं दातातली सुई पदराला टोचली,
नोटा थुंकी लावून मोजल्या,
"येवडा उशीर काहून?"
मी म्हटलं, केजाजी तर...
"तो गेला. मशिनीला तं मालूम होतं ना?"

मार्चच्या सभेत सांगायचं की नाही, ठरत नाही.
पैसे त्रेसष्ट जणांचे, विचारलं कुणालाच नाही.
शिवलेलं जाळंही त्रेसष्ट जणांचंच,
तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.
एवढंच केलं :
त्या ओळीजवळ टीप लिहिली,
वाचलं आहे. प्रणोती.
आणि जतन केलं.

सकाळी पुन्हा पिवळी पट्टी.
तिला माझी टीप दिसत नाही,
पारीवरची बाई दिसत नाही.
विचारणं तेवढं तिचं काम, ती विचारते.
बोट बटणावर ठेवून मी जरा थांबते.
दारात तराजू करकरतो,
श्रीपत ओरडतो, "लिव्ह वो, मरळ साडेचार!"