ऑर्व्हलचा नऊ

पहिलं दुकान मुळात दुकान नव्हतंच.
आयोवातल्या एका गावाबाहेरची
बंद पडलेली कोंबड्यांची उबवणी होती ती.
लॅम्बर्ट काउपरनं भिंतींना चुन्याचे दोन हात दिले,
तरी जुलैत टॉवेलांच्या ढिगातून
पिलांचा वास उठायचाच.
बायका टॉवेल हुंगायच्या, किंमत बघायच्या,
आणि पुन्हा हुंगायच्या नाहीत.

पाट्या रंगवायला ऑर्व्हल ट्वेट होता,
एरवी धान्याच्या कोठारांवर मालकांची नावं लिहिणारा.
लॅम्बर्टनं त्याला एकच गोष्ट सांगितली:
इथं शून्यावर काही संपत नाही.
सगळं नवावर.

आपल्याकडे हे सांगावंच लागलं नसतं.
एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ,
आपण उच्चारतानाच एक कमी करून ठेवतो,
सूट भाषेतच मुरलेली.
ऑर्व्हलला मात्र ती दर वेळी
हातानं रंगवावी लागे.

फेब्रुवारीत एकदा शेगडी विझली. बोटं आखडली.
एकोणसत्तर सेंटांच्या मोज्यांवरचा नऊ
शेपटीशी जड झाला,
ओल्या कोटासारखा खाली ओढलेला.
पुसतो, म्हणाला ऑर्व्हल. राहू दे, म्हणाला लॅम्बर्ट.
दुपारपर्यंत सगळे मोजे संपले,
आणि देवावर बेताचाच विश्वास असलेला लॅम्बर्ट
त्या शेपटीवर विश्वास ठेवू लागला.

मग दुसरं दुकान, स्केटिंगच्या हॉलमध्ये.
तिसरं. चौथं. सातव्यापायी मक्याचं शेत गेलं.
अकराव्यापायी चर्चही जायचं, पण पाद्री अडून बसला,
दुकान शेजारीच झालं, आणि रविवारी
कोण कुठल्या दारानं आत गेलं, गाड्यांवरून कळेना.
ओमाहाहून कडक इस्त्रीची माणसं आली,
चौरस फुटांत बोलली, चौरस फुटांत जेवली.
गावातले म्हणत होते, नव्याचे नऊ दिवस.
नऊ दिवस झाले.
नऊ वर्षं झाली.

मेन स्ट्रीटवर गुनहिल्ड आस्कनं
आपल्या कापडदुकानाच्या काचेला आतून कागद लावला
आणि थंडी पडायच्या आत काउपर्समध्ये,
निळा एप्रन, छातीवर नावाची पट्टी,
दुसऱ्याच्या चादरींना घड्या घालू लागली.
जन्मभर तिच्याकडून उधार नेणारे
आता तिच्यासमोर रोख मोजत होते.
खोटं कशाला बोला,
त्याच वर्षी वेंडेल हॉफच्या पाच पोरांना
पहिल्यांदा पाच वेगळे कोट मिळाले,
दर शुक्रवारी थोडे थोडे भरून.
धाकटीनं महिनाभर किमतीचं लेबल काढू दिलं नाही.

चौऱ्याहत्तरला पाट्या छापणारं यंत्र आलं.
एका पोरगेल्याशा माणसानं ऑर्व्हलच्या पाट्यांचे फोटो काढले,
त्या नवाचे दोनदा.
निरोपाला टोस्टर दिला.
खोक्यावर किंमत तशीच राहिली होती,
त्याच्याच हातची, पण छापलेली.

पुढं कधीतरी मुलीकडे ॲरिझोनाला जाताना
हायवेच्या कडेला, निवडुंगांच्या वर,
तीन मजले उंच, लाल, विजेचा,
तोच नऊ.
एकशे त्रेसष्टावं दुकान.
त्या सकाळी गारठलेली त्याची बोटं
भाजून काढणाऱ्या उन्हात उभी.

मर्ल बर्फ आणायला आत गेली.
तो गाडीच्या धुळकट बॉनेटशी थांबला
आणि बोटानं एक नऊ काढला.
पुसला. पुन्हा काढला.
डोकं गोल, मान सैल, शेपटी हलकी,
शेगडी पेटती असती तर आला असता तसा.
वर बघितलं. खाली बघितलं.
वरचाच बरा वाटू लागला, याचा त्याला राग आला.

चल, म्हणाली मर्ल, बर्फ वितळतोय.
कितीला पडला?
तिनं सांगितलं.
विजारीला बोट पुसत तो गाडीत बसला.