आंधळे तारे

पंचवीस वर गेले, अकरा पेटले.
उरलेले चौदा काळेच्या काळे
टपटपले फादर अंजलूंच्या कांद्याच्या वाफ्यात.
बँडवाल्यांनी शेवटचा सूर ओढून ओढून लांबवला,
आभाळाने तोंड उघडलं नाही.
शेजारच्या गावाचा संत वेगळा, दारूखाना वेगळा.
ते लोक अगदी सौजन्याने टाळ्या वाजवून गेले.
विस्तिनमामाला त्या टाळ्याच लागल्या.

सकाळी आम्ही वेचायला गेलो.
बोराएवढे गोळे, दव प्यायलेले,
एकावर गोगलगाय.
"उचल, पण घासू नकोस," मामा म्हणाला,
आणि ते त्याने टोपीत घेतले
चिमणीची पिल्लं घ्यावीत तसे.

गावाबाहेर, निवडुंगाच्या कुंपणाआड आमची खोली.
भिंती हातभर जाड, छप्पर मुद्दाम हलकं :
उडालंच तर वरच्या वर उडावं.
तिथे मामा एकेका संशयिताला बोलावतो.

कोळसा. यंदाची द्राक्षवेलींची छाटणी
त्सेत्तूने भाजली, आणि त्सेत्तू घाईचा.
मामा चिमूट चोळतो, हुंगतो.
कच्च्या लाकडाचा वास नाही. सुटला.

वरचा लेप. तोच तर ठिणगी धरतो.
तारा काळा, लेपही काळा,
काळ्यावर काळं किती चढलं, कुणी पाहिलंय?
मामाच्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू,
म्हणून तो नखाने बघतो. लेप आहे.

मग वेग? फार जोरात फेकले गेले,
वाऱ्याने फुंकर घातली, दिव्यासारखे विझले?
"विझायला आधी पेटावं लागतं.
पेटलेल्याच्या अंगावर राख असते.
हे कोरे आहेत."

शेवटी ओल्या फडक्यावर, पितळेच्या पात्याने
त्याने एक चिरला.
बाहेर राखाडी, खडखडीत.
आत काळाभोर, चकाकता,
खजुराच्या गरासारखा.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना,
ते इथे होतं, बोराएवढ्या जागेत.

जूनमध्ये आफ्रिकेकडून दमट वारा आला होता.
आमच्या बेटावर त्याला श्लोक म्हणतात.
आठ दिवस तो एकच श्लोक :
चादरी ओल्या, मीठ ओलं, चर्चच्या घंटेलाही घाम.
नवव्या दिवशी ऊन पडलं, कडक.

"नवव्या दिवशी मी बोटीत होतो," मामा म्हणाला,
"डोळा दाखवायला मोठ्या बेटावर.
ताटं गच्चीवर उन्हात कुणी मांडली?"

खोलीत दोघंच.
भिंतीवरची पाल सोडली तर संशयित एकच.
"मी," म्हणाले. "वाटलं, लवकर वाळतील."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.
त्याने चिरलेला अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.
"घाईने वाळवलं की साल आवळते.
मग आतलं ओलं आतच बसतं, वर्षानुवर्षं,
आणि बाहेरून हात फिरवणारा म्हणतो,
वा, काय छान वाळलंय."

त्यानंतर आम्ही ताऱ्यांवर फार बोललो नाही.

यंदा ताटं सावलीत. जाळीचं दार, वारा आडवा.
दर दोन दिवसांनी मी गोळे फिरवते
आणि तो विचारतो, "झाले?"
मी म्हणते, "नाही."
हे उत्तर द्यायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

चाचणीच्या रात्री आम्ही तिघंच : मी, तो,
आणि त्याच्या डोळ्यातली नवी काच.
"मोज," म्हणाला. स्वतः वर बघेना,
कांद्याच्या वाफ्याकडे टक लावून उभा.

बार. एक श्वासभर काहीच नाही.
मग सात, बारा, सोळा,
सोनेरी शेपट्या एकमेकींत गुंतायला लागल्या,
विलोच्या फांद्यांसारख्या खाली, अजून खाली,
एकोणीस, वीस, पुन्हा एकोणीस...
"मामा, चुकलं. मोजता येत नाहीयेत."

"मग बास," तो म्हणाला,
आणि आता कुठे त्याने मान वर केली.
तोवर आभाळात नुसता धूर होता.
तो धूरच त्याने बराच वेळ पाहिला.

सकाळी फादर अंजलूंचा निरोप :
वाफ्यात यंदा काही सापडलं नाही,
गोगलगायी मात्र न्यायच्या असतील तर न्या.