नाकाचा तुकडा

माझ्या गावी, का-मावला,
शिळ्या पाकटाला असा वास सुटला
तर आई ते मांजरालाही घालायची नाही.
इथे ह्युक्सान बेटावर
त्याच वासाचे लोक पैसे मोजतात.

सासूबाई, मालसिम त्यांचं नाव,
मडक्यात पेंढ्याच्या थरांवर पाकट निजवतात.
चिमूटभरही मीठ नाही.
"बाकीचे मासे आपण टिकवायचे," म्हणतात,
"हे आपलं आपण टिकतं.
समुद्रात असताना जे कडू अंगात मुरवलं
तेच मागाहून कामी येतं."
बोलता बोलता उलटं करून दाखवतात:
पांढऱ्या पोटावर तोंड, वर दोन भोकं,
हसऱ्या तान्ह्या पोरासारखं.
ते डोळे नव्हेत. डोळे पाठीवर.
तोंड काय खातं, ते त्याला कधी दिसतच नाही.

नवरा गळ टाकतो ते बिनआमिषाचे.
नुसते आकडे, तळाशी, येण्याजाण्याच्या वाटेवर.
पाकट हावेपायी अडकत नाही,
आपल्या वाटेनं चाललेलं असतं, एवढंच.
लग्न जुळवणाऱ्या कचेरीत कुणी माझा फोटो उचलला
तेव्हा मीही कुठेतरी चाललेच होते.

थंडीत भावाचा फोन आला.
आई.
वादळानं बोटी बंद, निदान तीन दिवस.
फोन खिडकीत ठेवला,
पोरानं किनाऱ्यावरून आणलेल्या
पाकटाच्या अंड्याच्या पाकिटाशेजारी;
काळं, चार शिंगांचं, रिकामं.
मग भांडी घासली.
शेजारणी मिरच्यांचे देठ खुडायला बसल्या होत्या,
त्यांच्यात जाऊन बसले.

सासूबाईंनी काही विचारलं नाही.
मडकं उघडलं.
सगळ्यांत जहाल भाग नाकाचा,
सासरे होते तोवर फक्त त्यांच्या पानात पडायचा,
तो कापून माझ्यापुढे सरकवला.
"खा. यानं सगळ्यांचेच डोळे वाहतात."

घशातून नाकात, नाकातून कपाळात
काहीतरी पेटत गेलं.
बायका हसल्या, सहा वर्षं झाली,
अजून सवय नाही पोरीला!
कुणी भाताच्या दारूचा वाडगा पुढे केला.
मी आणखी एक तुकडा मागितला.
मग आणखी एक.

दाताखाली कूर्चा कुरकुरत राहिली.
सासूबाई पाठमोऱ्या, मडक्यावर झाकण बसवत होत्या.
झाकण तर केव्हाच बसलं होतं.