वाऱ्याची बाही

तहसीलने मला दोन गोण्या चुना दिला,
एक दोरी, एक मेख
आणि पाठकोऱ्या कागदावर काढलेलं विमानतळ :
तेवीस पावलांचं वर्तुळ, मधोमध इंग्रजी एच.
शेवटच्या बोटीने उतरलो खापरपाड्यावर.
तीन बाजूंनी धरणाचं पाणी,
आणि चैत्रात चौथ्या बाजूला मांडीभर गाळ.
त्यात बोट रुतते, माणूस रुततो,
बैलाचं तर विचारूच नका.

कागदावर ‘वारा दाखवणारी पिशवी’ असंही लिहिलेलं.
ती गोणीत नव्हती.
मोगीबाई म्हणाली, वाऱ्याला काय दाखवायचं?
म्हटलं, वाऱ्याला नाही, वारा दाखवायचाय. पायलटला.
ती पदर तोंडाला लावून पुष्कळ हसली,
मग आत जाऊन झंपराची लाल बाही उसवून आणली.
एकच ने, म्हणाली.

सपाट जागा पाड्यावर तेवढीच,
आणि तिच्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली.
उचला म्हणायला माझी जीभ उचलेना.
त्यांनीच उचलली, काठाला सारली.
मी चुना ओढत गेलो गोल, गोल,
मागे पोरं, पोरांमागे एक शेळी.

मग ते आलं.
काठाची फुलंही उडाली,
पाण्यावर पडली, तरंगत राहिली.

मतदान संपलं साडेचारला.
पायलट म्हणाला, परतताना प्रत्येकाचं वजन सांगा.
काटा होता मोहाच्या व्यापाऱ्याचा, महुडाला टांगलेला.
सोनवणे सर त्याला लोंबकळले, एकोणनव्वद भरले.
काटा खोटा आहे, सर म्हणाले.
वेस्त्या म्हणाला, हो साहेब,
कमीच दाखवतो.

मग यंत्राची पेटी टांगली.
सकाळी होती तेवढीच. अकरा किलो, वर थोडं.
वेस्त्या काट्याजवळ वाकून बघत राहिला.
एकशे त्रेसष्ट जणांनी टाकलं,
आणि वजन तेवढंच?

या वेळी काट्याला
कुणी खोटं म्हणालं नाही.

मला जागा नव्हती.
मी गाळातून निघालो, चपला गळ्यात अडकवून.
मागे वळलो तेव्हा शेळी एचवर बसलेली
आणि बायका फुलं पुन्हा पसरत होत्या,
चुन्याला चुकवून, आधी,
मग न चुकवता.

बाही काढायचं राहून गेलं.
मोगीबाई भेटली धडगावच्या बाजारात,
अंगात तोच झंपर, डावा हात उघडा.
आणू का परत? मी विचारलं.
नको, म्हणाली,
पाणी चढल्यापासून बोटवाला मंगळवारी येतो,
लांबून तिच्याकडं बघतो,
आणि ठरवतो
यायचं की नाही.