घरटे क्रमांक नऊ

लहानू बेंडकोळीच्या वहीत
पहिली शीळ: तेवीस मे, पहाटे पाच दहा.
अंजनेरीच्या पायथ्याला, करवंदीच्या दाट जाळीत.
दक्षिणेतून रातोरात उडत आलेला नवरंग,
वजन म्हणाल तर मूठभर शेंगदाणे.
आला, आणि जागा धरून बसला.

मग रोज एकेक.
ओहळाकाठचा उंबर गेला,
बांबूचं बेट गेलं,
गांडुळांची भुसभुशीत माती गेली.

शेवटचा आला अकरा जूनला.
कुठे अडकला होता, कोण जाणे.
उलटा वारा, मोडकं पीस,
की निघायचंच मन होईना.
त्याच्या वाट्याला पायवाटेकडचा कुडा,
जिथून शेळ्या जातात
आणि तांबड्या डोळ्यांचा भारद्वाज
रोज हिशेब घेत फिरतो.

शीळ मात्र तीच, दोन सुरांची.
उशिरा आलेल्याची वेगळी नसते.

मादी मिळाली. तीही मागे राहिलेली.
काड्यापाचोळ्याचा घुमट, आत चार अंडी.
आठवड्याने दोन.
मग नुसती टरफलं.

लहानूने लिहिलं, "घरटे क्र. नऊ, निष्फळ."
नाशिकच्या ऑफिसला तेवढंच लागतं.
मग रकान्याबाहेर, बारीक अक्षरात:
"चार जुलै. पुन्हा काड्या नेतोय.
पिल्लांना पंख फुटेतो दिवस पुरतील का, बघू."

मागे सोनकी उभी, भाकरीचं फडकं घेऊन,
त्याला चाळिशीनंतर झालेली पोर.
तिने ओठांचा चंबू करून शीळ घातली.
कुड्यात क्षणभर सामसूम.
मग उत्तर आलं.